बाहेरचं काही खायचं नाही

रत्नागिरीला बदली झाली आणि भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मास्तर, तुम्ही प्रवास करता का?"

मला वाटलं, गृहस्थ हौशी दिसतायत. मी उत्साहानं म्हणालो, "हो तर! शाळेला सुट्टी लागली की निघतोच आम्ही. मुलीला आत्तापासूनच सवय लावलीय."

पाच वर्षांच्या पोरीला दारूची सवय लावलीय असं मी म्हणालो असतो, तर ते माझ्याकडे जसे बघत बसले असते तसे बघत राहिले. "अरेरे," एवढंच म्हणाले आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. बहुधा दया येऊन.

त्यांना आम्ही काका म्हणत असू. वय सहासष्ट, अंगकाठी सडसडीत, सर्दीसुद्धा कधी झालेली नाही. सरकारच्या हिवताप विभागातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लोकांच्या पाण्याच्या टाक्यांत वाकून डासांच्या अळ्या शोधण्यात गेली होती. आता अशा माणसाला जग कसं दिसणार? भाट्याचा समुद्र दाखवायला नेलं, तरी ते आधी वाळूतल्या करवंटीत साचलेलं पाणी बघत आणि ती पायानं उपडी करत. मग समुद्राकडे एक नाराज कटाक्ष टाकत. एवढं पाणी उघड्यावर साठवून ठेवलंय आणि कुणाला त्याची पर्वा नाही!

वरच्या मजल्यावर ते आणि काकू, खाली आम्ही तिघं: मी, बायको आणि आमची ओवी. त्यांचा मुलगा मुंबईला. तो वर्षातून एकदा यायचा. त्याला दोष द्यायची माझी तयारी नाही. घरी यायचं म्हणजे प्रवास आला, आणि त्या प्रवासाच्या सूचना निघायच्या आठ दिवस आधीपासून फोनवर सुरू व्हायच्या. खिडकीची जागा घेऊ नकोस, कोणी बाहेरून दगड मारला तर? मधल्या वाटेची जागा घेऊ नकोस, वरची बॅग डोक्यात पडली तर? मुलगा एकदा वैतागून म्हणाला होता, "बाबा, मी उभा येऊ का?" त्यावर काकांनी शांतपणे विचारलं होतं, "उभा? आणि ब्रेक लागला तर?"

महामारी आली तेव्हा सगळं जग हादरलं. काकांना मात्र, उशिरा का होईना, जग ताळ्यावर आल्याचं समाधान झालं असणार. आम्ही रत्नागिरीला आलो ते त्यानंतर, पण शेजारी सांगत की त्या दोन वर्षांत काका एवढे प्रसन्न होते, की ओळखू यायचे नाहीत. कोणी कुठं जात नव्हतं, कोणी कुणाला शिवत नव्हतं, हॉटेलं बंद होती. त्यांना आणखी काय हवं होतं?

त्यांचं मुख्य तत्त्व असं, की सगळं कुटुंब एका गाडीत बसवायचं नाही. राजापूरला काकूंच्या माहेरी लग्न होतं, तेव्हा मी हे डोळ्यांनी पाहिलं. काका नऊच्या एस.टी.नं गेले आणि काकू त्यामागच्या गाडीनं. मी काकूंना स्टँडवर सोडायला गेलो होतो.

"काकू, हे काय? एकत्र का नाही जात?"

"दोघांना एकदम काही व्हायला नको, म्हणून." काकूंनी पदर नीट केला. "एकाला काही झालं, तर दुसऱ्यानं मागचं बघायचं."

"आणि तुम्हाला चालतं हे?"

"न चालायला काय झालं? तासभर मोकळा मिळतो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मला घाईघाईनं घरी पाठवून दिलं. "जा जा, तुम्हाला शाळा असेल." शाळेला सुट्टी होती. पण तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

दुसरं तत्त्व म्हणजे बाहेरचं काही खायचं नाही. चहासुद्धा नाही. पाणी घरून उकळून, गाळून, थंड करून थर्मासमध्ये न्यायचं. जेवणाचे डबे घरचे. तिसरं म्हणजे शिट्टी. प्रवासात प्रत्येकाच्या गळ्यात एक. एकदा वाजवली तर 'मी इथे आहे', दोनदा वाजवली तर 'थांबा', तीनदा वाजवली तर 'धावत या'. आणि चौथी होती ती पत्र्याची औषधांची पेटी. तिच्यात तापापासून विंचवापर्यंत सगळ्याची सोय होती. दर महिन्याच्या एक तारखेला काका त्यातलं प्रत्येक पाकीट भिंगातून तपासत, तारीख उलटलेलं काढून टाकत आणि नवं आणून ठेवत. त्या पेटीतलं औषध आजवर एकदाही वापरावं लागलं नव्हतं. आपली पद्धत बरोबर असल्याचा हा पुरावा आहे असं त्यांचं म्हणणं. त्या पद्धतीनं ते वर्षातून फारतर दोनदा गावाबाहेर पडत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. भाड्याचं घर चांगलं होतं.

अशा माणसाच्या मागे काहीतरी मोठं दुःख असणार, असं आपल्याला उगाच वाटतं. पुस्तकं वाचल्याचा परिणाम. मलाही वाटलं. एखादा अपघात, एखादं लहान मूल, कुठलीतरी न भरलेली जखम. एकदा काकूंना मी आडून आडून विचारलं, "काकांच्या बाबतीत प्रवासात कधी काही... म्हणजे, काही वाईट झालं होतं का?"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही झालं नाही हो. आयुष्यात साधी ठेच लागलेली नाही यांना. तोच तर घोटाळा आहे."

आता मुख्य गोष्ट सांगतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हेदवी आणि वेळणेश्वरला जायचं ठरवलं. हेदवीला दशभुजा गणपतीचं दर्शन घ्यायचं, वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर दुपार काढायची, संध्याकाळी परत. साधी एका दिवसाची सहल. गाडी ठरवली. ही बातमी ओवीनं जिन्यावर उभं राहून वरच्या मजल्याला दिली. पाच मिनिटांत काका खाली.

"मास्तर, लहान पोर बरोबर घेऊन एकटे निघालात?"

"एकटे कसे? आम्ही तिघं आहोत, ड्रायव्हर आहे."

"म्हणजे एकटेच." काका खुर्चीत बसले. "नाही, मी तुम्हाला असं सोडू शकत नाही. आम्हीही येतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण काकांच्या मागे, दाराच्या चौकटीत काकू उभ्या होत्या. त्यांनी काही म्हटलं नाही. नुसते हात जोडले आणि माझ्याकडे पाहिलं. बायकोनं माझ्या आधीच सांगून टाकलं, "या ना, मजा येईल."

मजा निघायच्या आठ दिवस आधीच सुरू झाली. बैठक झाली. मोबाइलवर 'सुरक्षित सहल' नावाचा गट निघाला, त्यात ड्रायव्हरलाही घेतलं. त्याचं नाव संदेश, चाळिशीचा, मिऱ्याकडचा, भाऊबंद सगळे मासेमारीत. काकांनी त्याला रोज सकाळी टायरचा फोटो पाठवायला सांगितलं. त्यानं दोन दिवस पाठवला, तिसऱ्या दिवशी म्हशीचा पाठवला आणि गट सोडला.

आम्ही पाचजण एकाच गाडीत बसणार याचा काकांना फार त्रास झाला. पण दुसरी गाडी करणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्यांनी तत्त्वाला मुरड घातली आणि आम्हा प्रत्येकाच्या मनगटावर बॉलपेननं फोन नंबर लिहिला. माझ्यासुद्धा. माझ्या मनगटावर माझाच नंबर.

"काका, मी हरवलो तर मला माझा नंबर पाठ आहे."

"शुद्धीत असाल तर," काका म्हणाले.

पहाटे उठून काकूंनी तांदळाची घावनं घातली, ओल्या खोबऱ्याची चटणी वाटली, बटाट्याची भाजी केली. सामान उचलायला मी वर गेलो होतो, तेव्हा स्वयंपाकघरात वाद चालू होता. वाफाळत्या घावनांचा डबा काकांनी झाकण दाबून घट्ट बंद केला होता, चटणीचाही, आणि दोन्ही एकत्र जाड टॉवेलमध्ये गुंडाळत होते.

"अहो, वाफ तरी जाऊ दे," काकू म्हणत होत्या. "आणि चटणी गरम डब्याला कशाला चिकटवताय? ओलं खोबरं आहे ते."

"उघडं ठेवलं की जंतू बसतात."

"बसायला जंतूंना काय, आपल्याकडे पाट मांडलाय? मी काय सांगते..."

"सदतीस वर्षं आरोग्य खात्यात काढलीत मी," काका म्हणाले. वाद संपला. त्यांच्या घरी सगळे वाद याच वाक्यानं संपत. डबे गाडीच्या डिकीत गेले. दिवाळी उलटली तरी उकाडा हलायचं नाव घेत नव्हता.

जयगडला खाडी ओलांडायची तर गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे तवसाळला उतरायचं. जेमतेम पंधरा मिनिटांचा मामला. एवढ्यासाठी काकांनी कुठूनतरी पोहण्याचं एक नारिंगी जाकीट पैदा केलं होतं. ते मोठ्या माणसाचं होतं. ओवीला घातल्यावर आत कासव आहे की मूल, कळेना. स्वतःसाठी त्यांनी पाच पाच लिटरचे तेलाचे चार रिकामे कॅन आणले होते. ते त्यांनी सुतळीनं कमरेभोवती बांधले आणि बोटीच्या मधोमध, कठड्यापासून दूर, डबडब वाजत उभे राहिले.

बोटीत टोपली घेऊन एक मासेविक्रेती बाई बसली होती. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काका, पोहत कुठं चाललाव? दुबईला?"

सगळी बोट हसली. संदेश तर गाडीच्या बॉनेटवर आडवा झाला. काकांचा चेहरा जराही हलला नाही.

"हसा," ते म्हणाले. "बुडताना कोणी हसत नाही."

मीही हसलो. हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यानंतर माझं हसणं मला बरेच दिवस आठवत राहिलं.

हेदवीला देऊळ फार सुरेख आहे, गर्दी बेताची होती. दर्शन झाल्यावर काकू म्हणाल्या, "मी जरा एकवीस प्रदक्षिणा घालून येते. नवस आहे." काका म्हणाले, "घाल, पण पायऱ्या जपून." आम्ही चौघं सावलीत बसलो. एकवीस प्रदक्षिणांना तसा बराच वेळ लागला. काकू आल्या त्या अगदी तृप्त चेहऱ्यानं. भक्तीचं तेज म्हणतात ते हेच असावं, असं माझ्या मनात आलं.

अकराच्या सुमाराला वेळणेश्वरच्या वाटेवर काजूच्या झाडाखाली चादर पसरून डबे उघडले. संदेशनं हॉटेलात खायचं ठरवलं होतं. काकांनी त्याच्याकडे करुणेनं पाहिलं आणि म्हणाले, "तुझी मर्जी. सांगायचं काम माझं." चटणीला किंचित आंबूस वास येतोय असं मला वाटलं. मी बोललोही. काका म्हणाले, "कैरी घातलीय." दिवाळीत कैरी कुठून आली, हे विचारायचं मला सुचलं नाही. ओवीला चटणी आवडली. तिनं दोनदा मागून घेतली. काकूंनी एक घावन घेतलं, ते हातात धरून बसल्या आणि मग हळूच बाजूला चरणाऱ्या एका गायीला घातलं.

वेळणेश्वरला पोचलो. किनाऱ्याजवळच्या एका घराची ओसरी आणि खोली दिवसापुरती घेतली होती. काकांनी ओवीच्या कमरेला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक स्वतःच्या हातात ठेवलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात तिला उभं केलं. समुद्र शांत होता. दूरवर लोक पोहत होते, हसत होते, काका बुडालेल्यांची नावं घेतल्यासारखे पुटपुटत होते.

दोनच्या सुमाराला आम्ही ओसरीवर आडवे झालो होतो, तेव्हा घराच्या मागच्या बाजूनं शिट्टी वाजली. तीनदा.

बायको हसत म्हणाली, "तालीम घेतायत वाटतं."

परत तीनदा वाजली. मग परत. मग शिट्टीत हवा कमी पडू लागली.

मी आणि संदेश धावलो. मागच्या संडासाच्या दारात काका भिंतीला धरून बसले होते. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. तोंडातून शिट्टी पडली. "बाहेरची हवा," ते म्हणाले आणि ओकले.

अर्ध्या तासात बायको आडवी झाली. मग माझ्या पोटात कोणीतरी पिळा घालावा तसं झालं. मी हे सगळं गमतीनं सांगतोय, कारण आम्ही मोठी माणसं होतो आणि आमचं काय ते निभावलं असतं. पण मग ओवी उठून बसली, "बाबा" म्हणाली आणि तिच्या अंगातलं सगळं बाहेर येऊ लागलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. पोट रिकामं झालं तरी थांबेना. जुलाब सुरू झाले. तासाभरात माझी बडबडी पोर माझ्या मांडीवर ओल्या फडक्यासारखी पडली होती. ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. मी हाक मारली की डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. मला उभं राहता येत नव्हतं. त्या क्षणी काकांचा मला एवढा संताप आला, की अंगात ताकद असती तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

"पेटी आणा!" मी ओरडलो. "औषधांची पेटी!"

संदेशनं गाडीतून पेटी आणली. तिला कुलूप होतं.

"किल्ली?" बायकोनं विचारलं.

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. "घरी," ते म्हणाले.

"घरी म्हणजे?"

"कपाटात. प्रवासात हरवू नये म्हणून."

संदेशनं कुलूप ओढून पाहिलं. ते हललं नाही.

आणि मग काकू उठल्या. एवढ्या वेळात मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्या ठणठणीत होत्या. पदर खोचून अंगणात गेल्या, जांभ्या दगडाचा एक मोठा तुकडा उचलून आणला आणि त्या पेटीवर असा घातला, की कुलूप कोयंड्यासकट निघून आलं. एका घावात. इतक्या वर्षांचा सराव असल्यासारखा.

"संदेश, गाडी दारात लाव आणि इथे सरकारी दवाखाना कुठे आहे ते विचार." मग माझ्या बायकोकडे वळून, "तू चक्कर येऊन पडू नकोस, मुली, भिंतीला टेकून बस. मास्तर, पोर माझ्याकडे द्या."

पेटीतून त्यांनी जलसंजीवनीची पाकिटं काढली, तारीख बघायची गरजच नव्हती. काकांच्या थर्मासमधल्या उकळून गार केलेल्या पाण्यात ती मिसळली आणि ओवीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजायला लागल्या. एक चमचा, मग थांबायचं, मग एक चमचा.

"ओकलंन् तरी चालेल," त्या मला म्हणाल्या. "परत देऊ. घाई नाही करायची. काय ग सोने, समुद्र बघायचाय ना? मग घे एवढं."

गाडीत सगळा वेळ त्या तेच करत होत्या. संदेश खड्डे चुकवत, देवाचं नाव घेत गाडी हाकत होता. वीस मिनिटांचा रस्ता असेल. मला तो जन्मभर पुरला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ओवीची कातडी चिमटीत धरून पाहिली, नाडी पाहिली. "पाणी पोटात राहायला लागलंय," त्या म्हणाल्या. "वेळेवर सुरू केलंत, बरं झालं. आणखी तासभर नुसतं बघत बसला असतात तर अवघड होतं. काय खाल्लं होतंत?"

शेजारच्या खाटेवरून, सलाईन लावलेल्या अवस्थेत, काकांनी हात वर केला. "बाहेरचं काही नाही. सगळं घरचं. म्हणून तर आश्चर्य वाटतंय."

"डबा आहे?"

संदेशनं चटणीचा डबा आणून दिला. तो सकाळी कसा बांधला होता ते मी सांगितलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं.

"घरचं असलं तरी खोबरं ओलंच असतं ना, काका?" त्या मायेनं म्हणाल्या. "गरम डब्याला लावून, पाच तास डिकीत, या उकाड्यात. जंतूंनी आणखी काय मागावं? आरोग्याच्या कुणा माणसाला विचारायचं होतंत."

आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

साडेपाचच्या सुमाराला ओवीनं डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "बाबा, माझी शिट्टी कुठाय?" बायको तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मोठ्या माणसानं सगळ्यांदेखत रडू नये, म्हणून.

मी जरा सावरलो, तेव्हा काका हलक्या आवाजात काकूंना विचारत होते, "तुला कसं काही झालं नाही?"

"मी चटणी खाल्ली नाही."

"का?"

"पोट भरलेलं होतं."

"कशानं?"

"प्रदक्षिणेनं," काकू म्हणाल्या.

काकांना कळेना. काकूंनी सलाईनची नळी नीट केली आणि अगदी थंडपणे सांगितलं, "देवळाबाहेर हॉटेल आहे. दोन प्लेट कांदाभजी आणि चहा घेतला. प्रत्येक देवळाबाहेर एक हॉटेल असतं, अहो. लग्न झाल्यापासून मी प्रदक्षिणाच घालतेय. राजापूरला मागच्या एस.टी.नं जायला मी एवढी आनंदानं का कबूल व्हायची, असं वाटलं तुम्हाला? स्टँडवरचा वडापाव. चाळीस वर्षं झाली, एकदा पोट बिघडलं नाही माझं."

काका छताकडे बघत राहिले. माझा राग कुठं गेला, मला कळलं नाही. फसवलं गेलेल्या माणसाचा चेहरा तो नव्हता. फार वर्षांनी कळलेल्या गोष्टीची बेरीज करत असलेला चेहरा होता.

परत येताना फेरीबोटीवर ते कॅन न बांधता उभे राहिले. कठड्याला धरून पाण्याकडे बघत होते. जयगडला उतरताना माझ्याजवळ आले. "मास्तर," ते म्हणाले, "तुमची मुलगी माझ्यामुळे..." वाक्य पुरं झालं नाही. मी त्यांना माफ केलं असं म्हणणार होतो. पण तिला वाचवणारं पाणीही त्यांचंच आणि पाकिटंही त्यांचीच, हे आठवून गप्प बसलो. हिशेब मला कधीच जमले नाहीत.

यानंतर काका सुधारले, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पंधरा दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी पेटीला नवं कुलूप लावलं. किल्ली मात्र गळ्यात अडकवली. प्रगती म्हणायची तर एवढीच.

सुधारल्या त्या काकू. जानेवारीत एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, की भजनी मंडळाच्या बायकांबरोबर त्या आठ दिवस कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर करून येणार. एकट्या. विचारलं नाही, जाहीर केलं. काकांनी तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "सदतीस वर्षं मी पण काढलीत. आणि वर तीन." काकांनी तोंड मिटलं.

मिनीबस दाराशी आली तेव्हा मी खाली उभा होतो. सतरा बायका आत गाणी म्हणत होत्या. काका गाडीभोवती फिरून टायर दाबून बघत होते, ड्रायव्हरला काहीबाही विचारत होते. काकूंनी खिडकीतून हात केला. त्यांच्याजवळ एक पिशवी होती, बाकी काही नाही. डबा नाही, थर्मास नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी काका रस्त्यात उभे होते. घरात जायचं कसं हेच विसरल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोनं वर भाजी द्यायला पाठवलं म्हणून मी जिना चढलो. काका गॅलरीत फोन हातात धरून उभे होते. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा केलेला, त्यामुळे पलीकडच्या काकूही मला स्पष्ट ऐकू येत होत्या.

"काय खाल्लंस आज?" काकांनी विचारलं.

"मिसळ. काल कोल्हापूरला खाल्ली ना, आज परत मागवली."

मी जिन्यातच थांबलो. आता किमान अर्धा तास व्याख्यान होणार, अशी माझी खात्री होती. रस्त्यावरची तर्री, उघडा कांदा, बादलीतलं पाणी. पण काकांनी पाठ माझ्याकडे केली, खाजगी बोलायचं असावं तशी, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तिखट होती का गं?"

"फार. डोळ्यांतून पाणी आलं."

"मी असायला हवा होतो."

"तुम्ही असतात तर खाऊ दिली नसतीत."

बागेतल्या आंब्यावर कुठेतरी धनेश पक्षी ओरडला.

"खरं आहे," काका म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली, नीट टेकून बसले आणि फोन कानाशी धरला. "बरं, आता पहिल्यापासून सांग. कुठं कुठं काय काय खाल्लंस ते."

पलीकडे काकू हसल्या. "फोनची बॅटरी पुरायची नाही, अहो."

"मग चार्जिंगला लाव," काका म्हणाले.